चाकांवरच्या घरात नळ आणणारा माणूस

अमेरिकेच्या महामार्गांवरून प्रवास करणाऱ्याला कधी ना कधी एक रुपेरी, गोलसर कडांचे, विमानाच्या धडासारखे दिसणारे फिरते घर मोटारीमागून धावताना दिसतेच. हॉलिवूडच्या चित्रपटांतून आणि जाहिरातींमधून ते आपल्याकडेही अनेकांनी पाहिलेले असते. एअरस्ट्रीम हे त्याचे नाव. अमेरिकी भटकंतीचे प्रतीक बनलेले हे ट्रेलर ज्यांच्या कल्पनेतून उतरले, ते वॉली बायम १९६२ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत तयार झालेले अनेक ट्रेलर मात्र आजही रस्त्यावर आहेत. साठ-सत्तर वर्षांचा एखादा ट्रेलर कुणाच्या शेतातून किंवा गोदामातून शोधून काढायचा, त्याची जमीन उखडायची, आतल्या कुजलेल्या नळ्या काढून टाकायच्या आणि नव्याने पाणी खेळवायचे, हा तिकडे हजारो हौशी माणसांचा उद्योग झाला आहे. बाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बहुधा धडधाकट निघतो. दगा देते ते प्लंबिंग. आणि नेमके हे प्लंबिंगच बायम यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामगिरी होती, हे त्या चकाकीपुढे अनेकदा विसरले जाते.

वॉलेस मर्ल बायम यांचा जन्म ४ जुलै १८९६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ओरेगन राज्यातील बेकर सिटी येथे झाला. डोंगर, कुरणे आणि मेंढ्यांचा हा प्रदेश. किशोरवयात वॉलीने मेंढपाळाचे काम केले आणि त्या दिवसांत त्याचे घर म्हणजे गाढवाने ओढायची दुचाकी गाडी होती. रॉकेलची एक शेगडी, थोडा शिधा, अंथरूण आणि धुण्यापुसण्यासाठी पाण्याची एक बादली, एवढाच तिच्यातला संसार. कळपाबरोबर जायचे आणि संध्याकाळ होईल तिथे मुक्काम ठोकायचा. पुढे जगभर गाजलेल्या उद्योगाचे मूळ या गाडीत शोधण्याचा मोह बायम यांच्या बहुतेक चरित्रकारांना झाला आहे. तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. शेगडी, शिधा आणि अंथरूण यांचा प्रश्न या गाडीने सोडवला होता. बादलीचा प्रश्न सुटायला मात्र आणखी चार दशके जायची होती.

मेंढ्यांमागून वॉली समुद्राकडे वळला. काही काळ व्यापारी जहाजावर केबिन बॉय म्हणून त्याने नोकरी केली. जहाजावरची माणसे गोड्या पाण्याचा हिशेब थेंबाथेंबाने ठेवतात. हे शिक्षण त्याला तिथे आपोआप मिळाले असणार. नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठातून पदवी घेऊन बायम लॉस एंजेलिसमध्ये आले, जाहिरातीच्या मजकुराचे लेखन करू लागले आणि लवकरच स्वतःची मासिके प्रसिद्ध करू लागले. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. शब्द आणि विक्री हा त्यांचा मूळ व्यवसाय, आणि अखेरपर्यंत त्यांच्यातला जाहिरातवाला जागा राहिला.

एकोणीसशे वीसचे दशक हे अमेरिकेत मोटारीचे आणि घरच्या घरी काहीतरी बनवण्याच्या वेडाचे दशक होते. बायम यांच्या एका मासिकात मोटारीमागे ओढायचा ट्रेलर कसा बांधावा, याचा आराखडा छापून आला. वाचकांनी तो करून पाहिला आणि तक्रारींची पत्रे येऊ लागली. एखाद्या संपादकाने खुलासा छापून विषय संपवला असता. बायम यांनी हातोडी घेतली, आराखड्याप्रमाणे ट्रेलर बांधायला घेतला आणि वाचकांचे म्हणणे खरे असल्याची खात्री करून घेतली. आराखडा सदोषच होता.

याच सुमारास त्यांच्या घरातही हा विषय गाजत होता. पत्नी मॅरियन यांना भटकंतीचे वावडे नव्हते, पण तंबूत झोपणे आणि स्वयंपाकघरावाचून दिवस काढणे त्यांना मान्य नव्हते. बायम यांनी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या चॅसिसवर एक लाकडी तळ बसवला आणि त्यावर तंबू उभारला. मुक्कामाला पोहोचल्यावर तो उभा करण्याची यातायात होतीच, आणि पावसात भिजणे काही टळले नाही. मग त्यांनी त्याच तळावर थेंबाच्या आकाराचे कायमचे छप्पर चढवले. आत बर्फाची पेटी आणि रॉकेलची शेगडी ठेवली. रस्त्यात भेटणारे लोक थांबून विचारपूस करू लागले. हा ट्रेलर शंभर डॉलरपेक्षा कमी खर्चात कसा बांधावा, यावर त्यांनी लेख लिहिला, आराखड्याच्या प्रती टपालाने विकल्या. ज्यांना स्वतः बांधणे जमत नव्हते, त्यांच्यासाठी घराच्या परसातच बांधणी सुरू झाली. ठोकाठोकीने हैराण झालेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा जागा बदलणे भाग पडले. १९३१ साली कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे कारखाना उभा राहिला. महामंदीने अमेरिका गारठलेली असताना चैनीची वस्तू बनवणारा कारखाना काढणे हा शुद्ध वेडेपणा होता. तरी तो चालला, कारण अनेकांना तो ट्रेलर चैनीचा नव्हे, तर स्वस्तात सुटी घालवण्याचा मार्ग वाटत होता.

बायम यांची त्या काळातील सुधारणा आज किरकोळ वाटेल. त्यांनी ट्रेलरची जमीन दोन चाकांच्या मध्ये खाली घेतली आणि छत वर उचलले. त्यामुळे आत माणसाला ताठ उभे राहता येऊ लागले. वाकून वावरायचे ती पेटी आणि उभे राहून वावरायचे ते घर, हा फरक त्यांना कळला होता. हवेचा विरोध कमी करणारा आकार हा त्यांचा दुसरा ध्यास. रस्त्यावरून हवेच्या प्रवाहासारखे जाणारे वाहन, या कल्पनेतून १९३४ साली एअरस्ट्रीम हे नाव आले.

रुपेरी कातडी मात्र मुळात बायम यांची नव्हे. हॉली बोलस हे ग्लायडर बांधणारे नामवंत अभिकल्पक. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये ज्या विमानातून अटलांटिक एकट्याने ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख ठेवणाऱ्यांपैकी ते एक. बोलस यांनी १९३४ मध्ये विमानाच्या तंत्राने, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडून एक देखणा ट्रेलर तयार केला. पण त्याचे दार पुढच्या बाजूला, मोटारीला जोडायच्या दांड्यावर होते, आणि किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची. कंपनी बुडाली. काही काळ बोलस यांचे ट्रेलर विकलेल्या बायम यांनी त्यांची सामग्री विकत घेतली, दार बाजूला आणले आणि जानेवारी १९३६ मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणला. पॅन अ‍ॅम कंपनीच्या सागरी विमानांवरून हे नाव घेतले होते. बाराशे डॉलर किंमत, चौघांची झोपण्याची सोय, विजेचे दिवे, स्वयंपाकाचा ओटा, सुक्या बर्फावर चालणारी प्रायोगिक वातानुकूलन यंत्रणा आणि ट्रेलरबरोबर जाणारा स्वतःचा पाणीसाठा. बोलस यांचे श्रेय बायम यांच्या प्रसिद्धीत झाकोळले गेले, ही गोष्ट खरी आहे. मात्र सुंदर वस्तू आणि वापरण्याजोगी वस्तू यांत जे अंतर असते ते बायम यांनी भरून काढले, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या महायुद्धाने हा डाव मोडला. अ‍ॅल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवले गेले, इंधन आणि टायर यांचे रेशनिंग आले. बायम यांनी कारखान्याला कुलूप लावले आणि विमान उद्योगात नोकरी धरली. तिथे पत्रे, रिव्हेट आणि हलक्या बांधणीचे जे शिक्षण त्यांना मिळाले, ते कोणत्याही महाविद्यालयात मिळाले नसते. युद्ध संपल्यावर एका कंपनीसाठी त्यांनी ट्रेलर तयार केले. तो संबंध फार टिकला नाही. १९४८ मध्ये एअरस्ट्रीम पुन्हा स्वतंत्रपणे उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी अल्फ्रेड लतूर्नर या फ्रेंच सायकलपटूने सायकलला ट्रेलर जोडून ओढतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. ट्रेलर किती हलका आणि किती सहज ओढला जाणारा आहे, हे सांगायला त्याहून अधिक काही लागत नव्हते. १९५२ मध्ये ओहायो राज्यातील जॅक्सन सेंटर या लहानशा गावी दुसरा कारखाना निघाला. कंपनीचे मुख्यालय आजही त्याच गावात आहे.

पण बायम यांना कारखान्याच्या कचेरीत बसणे मानवत नव्हते. १९५१ च्या अखेरीस त्यांनी टेक्सासमधील एल पासो येथून मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत जाणारी ट्रेलरची मोठी तुकडी काढली. ६३ ट्रेलर निघाले. रस्ते म्हणावेत असे रस्ते अनेक ठिकाणी नव्हतेच. पूल नव्हते, चिखल होता, मोडलेले आस होते, फुटलेल्या स्प्रिंगा होत्या. शेवटपर्यंत पोहोचलेल्यांची संख्या १४ होती. कुठल्याही हिशेबाने ही मोहीम फसलेलीच म्हणायला हवी. तरी त्यातून परतलेल्या लोकांना पुन्हा जायचे होते, आणि बायम यांच्या दृष्टीने तुटलेला प्रत्येक भाग हा कारखान्याला मिळालेला फुकटचा अहवाल होता. पुढील दशकभर या तुकड्या, ज्यांना ते कारवाँ म्हणत, हीच त्यांची खरी प्रयोगशाळा बनली. त्या उत्तम जाहिरातीही होत्या, यात शंका नाही. परक्या देशातील प्रसिद्ध वास्तूसमोर रुपेरी ट्रेलरांची रांग उभी करून छायाचित्रे काढण्याची संधी बायम यांनी कधी दवडली नाही.

१९५५ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, केंटव्हिल येथे जमलेल्या कारवाँ-सदस्यांनी बायम यांच्या नावाचा क्लब स्थापन केला. पुढच्याच वर्षी ही मंडळी आपले ट्रेलर घेऊन युरोपात पोहोचली. तिथून आलेली निळी बेरे टोपी क्लबची ओळख बनली, तसेच प्रत्येक सदस्याच्या ट्रेलरवर लाल आकड्यांत झळकणारा त्याचा क्रमांकही. हे सगळे थोडे पोरकट वाटू शकते. परंतु निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या, आयुष्यभर एकाच गावात राहिलेल्या शेकडो जोडप्यांना बायम यांनी जग दाखवले, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

या प्रवासांनी एक जुनी अडचण लख्खपणे समोर आणली. अमेरिकेतील ट्रेलर तोपर्यंत एका अदृश्य दोरीने बांधलेला होता. मुक्कामाच्या जागी, म्हणजे ट्रेलर पार्कमध्ये, नळाला रबरी पाइप जोडायचा, विजेची तार जोडायची आणि शौचासाठी, अंघोळीसाठी पार्कच्या सामाईक सोयींकडे चालत जायचे, हा रिवाज होता. मेक्सिकोच्या माळावर ना नळ होता ना वीज. युरोपातील कुरणावर मुक्काम पडला तरी तीच कथा. जिथे सोय तिथेच मुक्काम, असे असेल तर ते घर चाकांवर असून उपयोग काय? कारवाँमध्ये वयस्कर माणसे अधिक असत. रात्री-अपरात्री कंदील घेऊन शेतात जाणे हा त्यांच्या दृष्टीने साहसाचा नव्हे, प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

१९५७ साली आलेले ‘इंटरनॅशनल’ हे मॉडेल हे त्यावरचे उत्तर होते. बाहेरच्या कोणत्याही जोडणीवाचून गरम पाणी, दिवे, ऊब, शीतपेटी आणि शौचालय देणारा पहिला पूर्णतः स्वयंपूर्ण ट्रेलर, अशी त्याची नोंद आहे. दिव्यांसाठी बॅटरी होती. शेगडी, शीतपेटी आणि पाणी तापवण्याचा बंब गॅसच्या टाकीवर चालत. खरा कस लागला तो पाण्यात. इमारतीत गच्चीवर टाकी ठेवली की गुरुत्वाकर्षण उरलेले काम करते. ट्रेलरच्या छतावर शे-दीडशे किलो पाणी ठेवले तर वळणावर तो कलंडेल. टाकी खालीच असायला हवी, आणि खालच्या टाकीतले पाणी नळाला चढायला दाब हवा. त्या काळच्या एअरस्ट्रीममध्ये यासाठी टाकी हवाबंद ठेवून तिच्यात टायरमध्ये भरतात तशी हवा भरली जाई. दाबलेली हवा पाण्याला नळ्यांतून पुढे ढकलत असे. नळ्या तांब्याच्या, सांधे सोल्डर केलेले. शौचालयाची मैला-टाकी ट्रेलरमध्येच बसवलेली आणि तिची वाफ छतावर नेणारी नळी वेगळी. आज हे वर्णन सामान्य वाटते. त्या वेळी मात्र प्रशस्त बंगल्यातील न्हाणीघर काही चौरस फुटांत, तेही ताशी पन्नास मैलांच्या वेगाने धावणाऱ्या चौकटीत बसवणे, हे विमानबांधणीइतकेच काटेकोर काम होते.

एक गोष्ट मात्र अर्धवट राहिली. ओट्यावरचे आणि अंघोळीचे सांडपाणी साठवण्याची सोय त्या ट्रेलरमध्ये नव्हती. ते खाली बादलीत किंवा सरळ जमिनीवर जाई. त्या काळी याचे कुणाला फारसे वाटत नसे. एअरस्ट्रीममध्ये सांडपाण्याची स्वतंत्र टाकी सर्रास येऊ लागली ती सत्तरच्या दशकात.

इंटरनॅशनलची कसोटी लवकरच लागली. १९५९ च्या मध्यावर दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनहून ४१ एअरस्ट्रीमची तुकडी कैरोकडे निघाली. सुमारे बारा हजार मैलांचा आणि सात महिन्यांचा हा प्रवास म्हणजे बायम यांच्या आयुष्याचा कळस. आफ्रिका तेव्हा वसाहतींच्या जोखडातून बाहेर पडत होती. काँगोसारख्या प्रदेशांत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची अस्वस्थता होती. अशा काळात गरम पाण्याची सोय असलेल्या चकचकीत गाड्या घेऊन सुखवस्तू अमेरिकी माणसे खंडभर हिंडत होती. आजच्या वाचकाला यातली विसंगती खटकेल, आणि खटकायलाही हवी. चिखलात रुतलेले ट्रेलर बाहेर काढताना वाटेतील गावकऱ्यांचे हात लागत होते, हे त्या प्रवासाच्या छायाचित्रांतूनच दिसते. इथिओपियात सम्राट हेले सेलासी यांनी तुकडीचे स्वागत केले. पुढे इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी ट्रेलर उभे राहिले. बायम यांचा स्वतःचा ट्रेलर या प्रवासात सोनेरी मुलाम्याचा होता. आत्मप्रौढीचा हा सोस त्यांच्या स्वभावाचाच भाग. १९६१ मध्ये आलेल्या अवघ्या सोळा फुटांच्या ‘बॅम्बी’ला अंगोलातील एका भाषेतील लहान हरणाचे नाव मिळाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतलेला ट्रेलर हाच.

आफ्रिकेहून परतल्यावर बायम यांनी आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. ट्रेलरने प्रवास कसा करावा, सामान किती घ्यावे, पाणी किती पुरवावे, अशा व्यवहाराच्या गोष्टी त्यात आहेत. त्यानंतर त्यांना फार काळ मिळाला नाही. मेंदूतील गाठीचे निदान झाले आणि २२ जुलै १९६२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात १९६३-६४ मध्ये क्लबच्या सदस्यांनी सिंगापूरहून युरोपपर्यंत जगप्रवास केला. या कारवाँने भारतही ओलांडला. ताजमहालाच्या पार्श्वभूमीवर उभ्या रुपेरी ट्रेलरांचे छायाचित्र एअरस्ट्रीमच्या इतिहासात आवर्जून दाखवले जाते. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स यांना विलगीकरणात ठेवण्यासाठी ‘नासा’ने जी पेटी वापरली, तीही एअरस्ट्रीमच्या ट्रेलरवरूनच तयार केली होती. बाहेरच्या जगाशी कसलाही संपर्क न ठेवता आतल्या माणसांचे खाणेपिणे, स्नान आणि शौच भागवायचे, एवढीच तर त्या पेटीची गरज होती. कंपनीची मालकी १९६७ मध्ये बिअट्रिस फूड्सकडे गेली, १९८० मध्ये पुन्हा बदलली. ते व्यवहार बायम यांच्या कथेत गौण आहेत.

त्यांच्या हयातीत बनलेल्या ट्रेलरांचे पुढे काय झाले, ही कथा अधिक रोचक. रिव्हेट केलेले कवच दशकानुदशके ऊन-पाऊस सोसते. आतल्या नळ्यांचे तसे नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते. ओहायो किंवा मिशिगनमधील हिवाळ्यात पाणी न काढता ट्रेलर उभा ठेवला की तांब्याची नळी उभी फाटते. ही फट केसाएवढी असते आणि ती बहुधा भिंतीतल्या पत्र्यामागे असते. वसंतात पाणी सोडले की गळती सुरू होते, पण दिसत नाही. एअरस्ट्रीमची जमीन प्लायवुडची असून ती कवच आणि चॅसिस यांच्या मध्ये दाबून बसवलेली असते. प्लायवुड कुजले की कवचाची चॅसिसवरची पकड सुटते, विशेषतः न्हाणीघर असलेल्या मागच्या बाजूला. म्हणजे दोन इंचांच्या एका फाटलेल्या नळीने अख्ख्या ट्रेलरचा कणा मोडतो. याशिवाय जुन्या सोल्डरमध्ये शिसे असे. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी अमेरिकेने त्यावर १९८६ मध्ये बंदी घातली. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते, हा आणखी एक जुना शत्रू.

त्यामुळे जुना एअरस्ट्रीम विकत घेणारा जाणता माणूस आधी पॉलिश करत नाही, आधी जमीन ठोकून पाहतो. मग आतील ओटे आणि कपाटे क्रमांक घालून बाहेर काढली जातात, प्रत्येक नळीचा मार्ग छायाचित्रांत टिपला जातो आणि सगळे तांबे भंगारात जाते. त्याच्या जागी आता बहुधा पेक्स वापरतात. क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनची ही लवचीक नळी वळणावर कोपर न लावता वाकवता येते, त्यामुळे सांधे कमी लागतात. गाडीच्या हादऱ्यांना ती दाद देत नाही आणि आत पाणी गोठले तर बहुधा फाटण्याऐवजी फुगून पूर्ववत होते. गरम पाण्याला लाल, थंडाला निळी, अशी सोय असल्याने घोटाळा होत नाही. ऊन मात्र तिला सोसत नाही, म्हणून ती झाकूनच ठेवावी लागते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे घरांत आणि ट्रेलरांत वापरल्या गेलेल्या करड्या पॉलिब्युटिलीन नळ्यांनी पाण्यातील क्लोरीनपुढे हात टेकले होते. ठेचलेल्या या मंडळींनी पेक्सवर विश्वास टाकायलाही वेळ घेतला. हवा भरायच्या जुन्या टाकीऐवजी आता प्लॅस्टिकची साधी टाकी आणि बारा व्होल्टचा छोटा पंप बसवतात. नळ उघडला की पंप सुरू, मिटला की बंद.

पाणी आत आणणे तुलनेने सोपे, बाहेर नेणे अवघड. सांडपाण्याच्या नळीला दर फुटाला पाव इंच उतार द्यावा लागतो, आणि ट्रेलरखाली उंचीच नसते. बायम यांनी राहून गेलेली सांडपाण्याची टाकी आता बसवावीच लागते, कारण अमेरिकेतील बहुतेक मुक्कामाच्या जागी असे पाणी जमिनीवर सोडू देत नाहीत. जुन्या चॅसिसची उंची जेमतेम चार-पाच इंच. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार इंच उंच टाकीत ७५ लिटरच्या आसपास पाणी मावते. दोघांच्या काटकसरीच्या अंघोळी एवढ्यात उरकाव्या लागतात. टाक्या चाकांच्या आसाजवळ हव्यात. फार मागे गेल्या तर भरल्यावर ट्रेलरचे शेपूट जड होते आणि वेगात तो मोटारीलाच डोलवू लागतो. मोटारीच्या हुकावर ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार राहावा, हा दंडक पाळूनच टाकीची जागा ठरते. वजनाचा हा हिशेब बायम यांच्या काळी जसा होता तसाच आजही आहे.

यात एक वादही आहे. १९५७ चा ट्रेलर १९५७ चाच दिसला आणि वागला पाहिजे, म्हणून काहीजण आजही तांब्याच्या नळ्या नव्याने सोल्डर करून घेतात. बाकीच्यांना त्यात हट्ट दिसतो. बायम यांचे स्वतःचे धोरण पाहता ते बहुधा दुसऱ्या बाजूला उभे राहिले असते. निव्वळ बदलासाठी बदल करायचा नाही, पण सुधारणा करता येत असेल तर जुन्याचा मुलाहिजा ठेवायचा नाही, हा नियम त्यांनी कारखान्यात कटाक्षाने पाळला. दुरुस्तीच्या नादात हौशी मंडळींकडून बाहेरच्या आकाराला मात्र सहसा हात लागत नाही.

नव्या नळ्या जोडून झाल्या की सगळी तोंडे बंद करून त्यांत दाब भरतात, चौरस इंचाला चाळीस ते पन्नास पौंडांच्या घरात, आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी काटा जागचा हलला नसेल तर पाणी सोडून प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवतात. सर्वांत खालच्या जागी पाणी काढून टाकण्याचे दोन नळ बसवतात, म्हणजे पुढच्या हिवाळ्याआधी थेंबही आत राहू नये. त्यानंतरच ट्रेलरच्या पोटाखालचा पत्रा चढवून नव्या रिव्हेटने बंद केला जातो.